पारीचे पैसे
(प्रस्तावना)

मनातले मांडे खायला पैसे पडत नाहीत. आमच्या बेळगावात खरे मांडे मिळतात, त्यामुळे मनातल्यांची सवय आम्हाला कमी. तरी डिमसमच्या बाबतीत मी दहा-बारा वर्षं तेच करत होते. मुंबईहून भाची फोटो पाठवायची; पारीतून आरपार दिसणारी गुलाबी कोलंबी मी चष्मा लावून न्याहाळायची आणि मग पिशवी घेऊन दुसऱ्या रेल्वे गेटाकडे भाजीला जायची. टिळकवाडीत या पदार्थाचं हॉटेल नाही. संध्याकाळी आरपीडी चौकाकडे निघालं तर मोमोच्या गाड्या लागलेल्या असतात, शेजारी गोबी मंचुरीची कढई उकळत असते, आणि तिथंच आमचा चीन संपतो.

शेवटी भाची म्हणाली, "मावशी, फोटो किती दिवस चाटणार आहेस? ये तू." गेले. तिनं मला मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात नेलं. नाव सांगत नाही, कारण पुढं थोडी कुरकुर आहे. आत मंद उजेड, खुर्च्या इतक्या जड की ओढायला माणूस ठेवलेला. बसल्या बसल्या मी चहा मागितला. वाढणारा मुलगा फार नम्र होता, पण गोंधळला. "टी आम्ही डेझर्टबरोबर देतो, मॅम," म्हणाला. भाचीनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

लग्नाच्या पंगतीत आधी विडा आणि मग वरण-भात वाढला तर आपण जसे एकमेकांकडे बघू, तसा चीनमधल्या कँटनचा माणूस या उत्तराकडे बघेल. का, ते पुढं सांगते. आधी टोपलीचं सांगू द्या.

बांबूची गोल टोपली, तळहातापेक्षा थोडी मोठी. झाकण काढलं तशी वाफ सरळ वर गेली, आणि आत तीन हार गाव बसलेले. हार गाव म्हणजे कोलंबीचा डिमसम, कँटनी आचाऱ्याची परीक्षा ज्यावर होते तो. एका बाजूनं कळ्या, दुसरी बाजू सपाट, पाठीला बाक. मोदक अर्धा कापून आडवा निजवावा तसा आकार. कळ्या मोजल्या. अकरा. पारी पांढरी नव्हती, पूर्ण पारदर्शकही नव्हती. ओल्या काचेसारखी होती. काडीनं उचलला तर लोंबला, पण फाटला नाही. दातांखाली आधी किंचित चिवट, मग एकदम विरून जाणारी पारी, आणि नंतर कोलंबी, जी चक्क कुरकुरली. शिजलेली कोलंबी कुरकुरते हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझं आजोळ वेंगुर्ल्याचं आहे.

टोपली आठशे रुपयांच्या आसपास होती. परत आल्यावर शेजारच्या वहिनींना सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाल्या, "बाई, तीन मोदकांना आठशे? तेही गूळ नसलेल्या?"

हे पुस्तक म्हणजे वहिनींच्या त्या प्रश्नाला दिलेलं लांबलचक उत्तर आहे. उत्तर एका ओळीतही देता येतं: पैसे सारणाचे नव्हेत, पारीचे. पण एका ओळीवर वहिनींचं समाधान कधी झालेलं नाही.

सुरुवात चहापासून करायला हवी, कारण डिमसमची सुरुवातच तिथून आहे. ग्वांगझौ, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतलं कँटन, मोत्यांच्या नदीवरचं बंदर. तिथं 'डिमसम खायला चला' असं कोणी सहसा म्हणत नाही. 'यम छा' म्हणतात, चहा प्यायला चला. खाणं हे चहाच्या पदराला धरून आलेलं. एकोणिसाव्या शतकात तिथं हमालांसाठी, गाडीवाल्यांसाठी साधी चहाघरं होती. दोन 'ली', म्हणजे अगदी चिल्लर दिली की चहा मिळे, म्हणून नावच 'दोन ली'ची चहाघरं. बाकडी, मातीचं भांडं, सोबत एखादा पाव. मग पैसेवाल्यांसाठी मजल्यामजल्यांच्या इमारती उठल्या. ग्वांगझौचं थाव थाव ग्यू 1880चं, हाँगकाँगचं लुक यू 1933चं. एक पेला चहा आणि दोन नग, ही तिथली म्हणच पडून गेलेली. म्हातारी माणसं पहाटे वर्तमानपत्र घेऊन यायची, काही जण पाखरांचे पिंजरे घेऊन यायचे, आणि दोन नगांवर दोन तास काढायची. आमच्याकडे एका कटिंगवर अख्खं राजकारण निकालात निघतं, त्यातलाच प्रकार. 1920-30च्या दशकांत ग्वांगझौच्या चहाघरांत चढाओढ लागली आणि दर आठवड्याला नवे नग करायची रीत पडली. आज डिमसमची यादी शेकड्यांत जाते ती त्या चढाओढीची कमाई.

'डिमसम' या शब्दाची दोन अक्षरं. पहिल्याचा अर्थ टिंब किंवा हलका स्पर्श, दुसऱ्याचा हृदय. त्यावरून 'हृदयाला स्पर्श' वगैरे फोड करून सांगायची फॅशन आहे, आणि महागड्या मेन्यूकार्डांवर ती हमखास छापलेली असते. मला ती फार गोड लागते. मराठीत याला सरळ शब्द आहे: मधल्या वेळचं. 'मधल्या वेळचं काय केलंयस?' या प्रश्नात जी भूक आहे, पोटाची कमी आणि जिभेची जास्त, तीच ही भूक. आपण भारतात डिमसमला 'स्टार्टर' करून टाकलं आणि रात्रीच्या जेवणाला जोडलं. तिकडे तो सकाळपासून दुपारपर्यंतचा मामला. रात्री डिमसम मागणं म्हणजे रात्री नऊला उपमा मागण्यासारखं. मिळेल, पण आचारी मनात हसेल.

चहा आणि हे नग यांची सांगड अर्थपूर्ण आहे. डुकराची चरबी, तळण, तेलकट सॉस, हे सगळं त्या खाण्यात आहे. त्यावर मुरवलेला काळा पु-अर चहा घोट घोट घेतला की जीभ पुन्हा कोरी होते आणि पुढच्या टोपलीची चव पहिल्यासारखी लागते. पु-अर जड वाटला तर त्यात शेवंतीची सुकी फुलं टाकतात. दूध नाही, साखर नाही. पहिल्या घोटाला आमच्यासारख्यांचं तोंड वाकडं होतं. तिसऱ्या टोपलीपर्यंत सरळ होतं.

चहाभोवतीचे शिष्टाचारही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. स्वतःच्या पेल्यात आधी ओतायचा नाही. दुसऱ्यांचे भरायचे, मग आपला. कोणी आपल्याला ओतलं तर बोलणं न थांबवता दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करायची. त्याची दंतकथा अशी की, छ्यानलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्यानं सोबतच्या सेवकाच्या पेल्यात स्वतःच्या हातानं चहा ओतला. सेवकानं लोटांगण घालावं तर बिंग फुटणार, म्हणून त्यानं बोटांचे गुडघे टेकवले. खरं-खोटं बादशहा जाणे, खूण मात्र फार सोयीची. आणि किटली रिकामी झाली की हाका मारायच्या नाहीत. झाकण उचलून कडेवर तिरकं ठेवायचं, वाढणारा बघतो आणि पाणी भरतो. हे मी मुंबईत करून पाहिलं, शेवटी चहा आला तेव्हा. मुलगा धावत आला आणि त्यानं झाकण नीट बसवून दिलं.

कँटन आपल्याला परकं वाटतं, पण आपण रोज सकाळी त्याचा शब्द उच्चारतो. या पेयाला जगात मुख्यतः दोनच नावं आहेत. फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरून डच जहाजांनी 'ते' नेलं, त्याचं इंग्रजांकडे 'टी' झालं. कँटन आणि मकावमधून पोर्तुगीजांनी 'छा' उचललं. आपला 'चहा' या दुसऱ्या घराण्यातला. आणि मकाव तर 1844पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होतं. म्हणजे चोर्ला घाट उतरून आपण जिथं मासे खायला जातो, तिथून एकेकाळी कँटनच्या उंबऱ्यावरचा कारभार हाकला जाई. डिमसमच्या शेवटी येणारा 'दान तात', अंड्याच्या कस्टर्डनं भरलेली छोटी वाटी, आणि पणजीच्या बेकरीत मिळणारा 'पास्तेल द नाता' शेजारी शेजारी ठेवून बघा. मकावमध्ये दोन्ही नांदतात. कोण कोणाचा मामा हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

मराठी मुलखात चिनी माणूस आला त्याच्या वाटा अशाच आडवळणी आहेत. महाबळेश्वरला एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. तो तुरुंग 1864 साली बंद झाला. तिथं भाजीपाल्याचे मळे आणि वेताचं काम रुजवण्यात त्यांचा हात होता. उलट्या दिशेनं गेलेलं आपलं माणूस म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आमच्या टिळकवाडीत 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी काँग्रेस भरली, तिच्या अधिवेशनाला पाणी पुरवणारी विहीर अजून इथं आहे. त्याच काँग्रेसनं 1938 साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला धाडलं, त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. बोटीनं ते चीनमध्ये पहिल्यांदा उतरले ते कँटनलाच. तेव्हा शहरावर जपानी बाँब पडत होते. त्यांना तिथं कोणी चहा दिला का, काय खाऊ घातलं, हे मी बरंच शोधलं. सापडलं नाही. कोटणीस 1942 साली तिकडेच गेले.

मुंबईतला कँटनी माणूस मुख्यतः बंदरावरचा: खलाशी, सुतार, पुढं हॉटेलवाला. माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ, 1919चं सी यूप मंदिर आहे. सी यूप म्हणजे 'चार तालुके', ग्वांगडाँग प्रांतातले. तिथून आलेल्या खलाश्यांनी ते उभारलं. वर मंदिर, खाली उतरण्या-राहण्याची सोय. कामाठीपुऱ्याच्या शुक्लाजी स्ट्रीटलाही एकेकाळी चिनी वस्ती होती. 1962चं युद्ध झालं आणि हे सगळं विस्कटलं. देशभरातून सुमारे 3,000 चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, त्यात इथंच जन्मलेली मुलंही होती. पुष्कळ जण पुढं देश सोडून गेले. उरले त्यांतल्या काहींच्या हातची चव मुंबईनं जपली. कुलाब्याला लिंग कुटुंबाचं नानकिंग 1940च्या दशकापासून चाललं, आणि त्याच घरच्यांनी 1991 साली रीगल सिनेमाच्या मागं लिंग्ज पॅव्हेलियन काढलं. मुंबईत कँटनी पद्धतीचं खाणं म्हटलं की जुनी माणसं अजून तिकडेच बोट दाखवतात.

पण गाव जिंकलं ते दुसऱ्यानंच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आलं-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंचुरियन केलं, आणि त्याचा फ्लॉवरमधला अवतार म्हणजे आमची गोबी. तिचा लाल रंग एवढा पेटला की 2024च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारला तीत कृत्रिम रंग घालायला बंदी करावी लागली. मी गोबीची निंदा करत नाही, पावसात ती मलाही लागते. पण तिनं एक घोटाळा केला: चिनी म्हणजे झणझणीत, लालभडक आणि स्वस्त, हे आपल्या डोक्यात पक्कं बसवलं. कँटनी स्वयंपाक नेमका उलटा. मसाला कमीत कमी, जिन्नस ताज्यात ताजा, आणि आगीपेक्षा वाफेवर भिस्त. आपल्या जिभेला पहिल्यांदा तो आजाऱ्याचा वाटतो. सारस्वतांच्या घरचं हुमण खाल्लेल्या माणसाला पेजेबरोबर नुसता वाफवलेला मासोळीचा तुकडा द्यावा, तसं.

मग महागडे डिमसम आपल्याकडे आले ते कँटनहून नाहीत, लंडनवरून आले. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये वाढलेल्या ॲलन याव यांनी 2004 साली लंडनच्या सोहो भागात यावाचा काढलं. चहाघराला त्यांनी झगमगीत पोशाख चढवला आणि दिवसाचे नग रात्रीही देऊ लागले. वर्षभरात मिशलिनचा तारा मिळाला. 2011 साली त्याची शाखा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आली. त्यानंतर बड्या हॉटेलांत ही लाटच आली. शाकाहारी टोपल्यांची यादी आपल्याकडे मांसाहारी यादीइतकी लांब झाली, जैन टोपल्या निघाल्या. त्यात एक फार लोकप्रिय आहे: एडमामे आणि ट्रफलची. एडमामे म्हणजे कोवळं हिरवं सोयाबीन. चिकोडी-निपाणी पट्ट्यात एकराएकरानं पेरतो ते. आपण ते वाळवून तेलाच्या गिरणीला घालतो, आणि तेच कोवळेपणी वाटून, पातळ पारीत बांधून, वाफवून आलं की फोटो काढतो. निपाणीच्या एखाद्या शेतकऱ्याला ती टोपली एकदा खाऊ घालायची माझी फार इच्छा आहे. चेहरा बघण्यासाठी.

आता पारीकडे येते.

हार गाव बघितला की मराठी माणूस 'अरे, हा तर मोदक' म्हणतो. मीही म्हटलं, वहिनींनीही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणणार. आकारापुरतं बरोबर आहे. पण पारी बघितली तर तो मोदक नाही. मोदकाची उकड तांदळाची; ती पांढरी राहते, मऊ राहते, आरपार दिसत नाही. हार गावची पारी गव्हाची असते. गव्हाची आणि पारदर्शक? मैद्याचं काहीही उकडा, ते मळकट पांढरंच दिसतं. मी कोड्यात पडले होते. उत्तर आमच्या गच्चीवर सापडलं.

दर एप्रिलमध्ये मी कुरडया करते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे. चोथा वेगळा. पांढरं पाणी रात्रभर ठेवलं की चीक खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं. ते ओतून टाकायचं. गव्हातली चिकट, रबरासारखी ताणणारी जी चीज असते ती गाळण्यातच गेलेली असते. राहतो तो निव्वळ पिठूळ गाळ. तो हिंग-मीठ घातलेल्या आधणात शिजवायला लागलं की पाच-सात मिनिटांत पांढऱ्याचं काचेसारखं होतं. लहानपणी सोऱ्यात जाण्याआधीचा तो गरम चीक वाटीत तेल घालून खाण्यासाठी आम्ही भांडायचो. हार गावचं पीठ म्हणजे हाच चीक, वाळवलेला. त्याच्या चिनी नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थसुद्धा 'निवळणं' असाच आहे. मांड्यासारखा पातळ पदार्थ करताना ज्या ताणावर आपण जगतो तो ताण काढून टाकायचा, आणि मग ज्याला ताणच नाही अशा पिठाची पातळ पारी करायची. उलटा उद्योग. म्हणून तो अवघड.

ताण नाही म्हणून थंड पाण्यात ते मळताच येत नाही. उकळतं पाणी एकदम ओतायचं, काडीनं ढवळायचं, झाकून वाफ मुरू द्यायची, थोडं साबुदाण्याच्या जातीचं पीठ घालायचं म्हणजे लवचिकपणा येतो, आणि शेवटी चरबीचा हात लावून मळायचं. लाटणं चालत नाही. रुंद पात्याच्या सुरीला तेल पुसून पिठाची गोळी तिच्या सपाट बाजूनं दाबायची आणि मनगट फिरवायचं. गोल चकती निघते, एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ. मग डाव्या हातात चकती, उजव्यानं कळ्या. सात तरी हव्यातच. मुरलेला आचारी दहाच्या पुढं जातो. वाफ चार-पाच मिनिटं. एक मिनिट कमी, तर पारी खडूसारखी. एक जास्त, तर फुटते. आणि टोपली टेबलावर आली की गप्पा बंद, कारण थंड झाली की हीच पारी ताठरते आणि दाताला चामड्यासारखी लागते. जुन्या चहाघरांत ढकलगाडीवर टोपल्या फिरत, बायका पदार्थांची नावं ओरडत, आणि तुम्ही बोट दाखवायचं. गंमत मोठी, पण गाडीवर वीस मिनिटं फिरलेला हार गाव काय लायकीचा राहत असेल ते सांगायला नको. महागड्या हॉटेलांत गाडी नसते, मागितल्यावर करतात. गलबला गेला, पारी वाचली. हा सौदा मला मान्य आहे. चहा शेवटी देण्याचा नाही.

टोपली बांबूची का, हाही प्रश्न वहिनींचाच. मोदकपात्राच्या झाकणाला आपण आतून फडकं बांधतो, नाहीतर वाफेचं पाणी टपटप खाली पडून मोदकाच्या नाकावर भोकं पाडतं. बांबूच्या विणलेल्या झाकणाला ते फडकं लागत नाही. जादा वाफ विणीतून निसटते, उरलेली बांबू पितो. आपल्याकडे बुरूड इतक्या पिढ्या सुपं-टोपल्या विणत आले, मोदकाला झाकण विणायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

हा धागा एकदा हाताला लागला की सगळी यादी ओळखीची होत जाते. च्याँग फन म्हणजे तांदळाचं सरसरीत पीठ ताटलीत पातळ पसरून वाफवलेलं आणि गुंडाळलेलं. आपण सालपापड्या अशाच वाफवतो आणि सोलतो, फक्त त्यांना उन्हात घालतो. लो बाक गो ही मुळ्याची वडी; आधी वाफवायची, गार करायची, कापायची, मग परतायची. कोथिंबीर वडीचं व्याकरण, शब्द वेगळे. कोंबडीचे पाय मात्र आपल्या कशातच बसत नाहीत. तळून, भिजवून, काळ्या सोयाबीनच्या आंबलेल्या चटणीत वाफवलेले, तोंडात घेऊन चोखायचे आणि बारीक हाडं बशीत टाकायची. मी दोन खाल्ले. दुसरा उत्सुकतेपोटी.

आणि छा श्यू बाव. भाजलेल्या गोडसर डुकराच्या मांसाचा वाफवलेला पांढरा पाव. त्याचं पीठ असं साधतात की वाफेत डोकं उकलतं, तीन पाकळ्या फुटतात आणि आतलं तांबडं सारण जेमतेम डोकावतं. उकलला नाही, हसला नाही, तर आचारी नापास. आपला अनारसा तुपात हसला की सुगरणीला तोंड लपवायला जागा नसते. तिकडं बाव हसला नाही तर तीच गत. एवढा एक फरक मी गेल्यावर्षी दिवाळीत वहिनींना सांगितला. त्यांचे चार अनारसे नुकतेच विरघळले होते. "मग मी चीनला जाते," म्हणाल्या.

तर आठशे रुपये. त्यातले बरेच जड खुर्चीचे, मंद उजेडाचे, मुंबईतल्या जागेच्या भाड्याचे, हे उघड आहे. हाँगकाँगमध्ये याचा फार सुंदर दाखला आहे. फोर सीझन्स हॉटेलातलं लुंग किंग हीन हे मिशलिनचे तीन तारे मिळवणारं पहिलं चिनी भोजनगृह, 2009च्या यादीतलं. खिडकीतून बंदर दिसतं, बिलातूनही दिसतं. तिथल्या डिमसम विभागातले माक क्वाय पुई बाहेर पडले आणि त्यांनी 2009 साली मोंग कोकच्या गल्लीत वीसेक खुर्च्यांचं टिम हो वान उघडलं. लवकरच त्यालाही एक तारा मिळाला, आणि जगातलं सर्वांत स्वस्त तारांकित जेवण म्हणून रस्त्यावर रांगा लागल्या. हात तोच. बंदराचा देखावा वजा केला की किती उरतं, ते लोकांनी तासतासभर उभं राहून खाल्लं.

म्हणजे महागडं ते उगाच, असं मी म्हणत नाही. हा हात तयार व्हायला वर्षं लागतात. कँटनी स्वयंपाकघरात डिमसमचा विभागच वेगळा असतो. कोणी सारणावर, कोणी पारीवर, कोणी वाफेवर, आणि पारीवरून वाफेवर जायला एखाद्या पोराचं तारुण्य सरतं. आपण मोदकाला पैसे देत नाही, कारण मोदक करणारा हात घरचा असतो आणि घरच्या हाताचं बिल येत नाही. गणपतीत एकवीस मोदकांची ऑर्डर घेणाऱ्या बाईला हल्ली नगाला दर विचारला की लोक आ वासतात, आणि त्याच लोकांनी तीन नगांना आठशे मोजताना कपाळाला आठी पडू दिलेली नसते. वहिनींनी मोदक विकायला काढावेत असं मी कैकदा सुचवलंय. नवरा काय म्हणेल, यावर गाडी अडते.

पुढच्या पानांत पाककृती थोड्या आहेत, बघण्याच्या खुणा जास्त. टोपली आली की काय बघायचं, चहा कोणता मागायचा, यादीत पाय फसू नये म्हणून आधी काय आणि नंतर काय. वाफवलेलं आधी, तळलेलं नंतर, गोड शेवटी, एवढं ध्यानात ठेवलं तरी पहिली खेप निभावते. श्याव लुंग बाव मागवला तर खुशाल मागवा, पण तो शांघायकडचा, कँटनचा नव्हे; आणि मोमो तिबेटकडचा, मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीमुळे आपल्या शेजाराचाच म्हणायला हवा. काडी जमत नसेल तर हातानं खा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी काडीनं तीनदा पाडला आणि चौथ्यांदा रुमालात गुंडाळून नेला.

या एप्रिलमध्ये कुरडयांसाठी काढलेल्या चिकातला थोडा मी गच्चीवर फडक्यावर वाळवला, खलबत्त्यात कुटला, वस्त्रगाळ केला. साबुदाण्याचं पीठ घातलं. चरबीऐवजी तेल, कारण घरात अजून सासूबाईंचा फोटो आहे. गोव्याची कोलंबी आली होती. ती मीठ-पिठानं चोळून वाहत्या पाण्याखाली धुतली, पुसून कोरडी केली, कारण ती कुरकुर त्यातून येते हे एव्हाना कळलं होतं. बांबूचे कोंब नव्हते, मुळा घातला. कालथ्याच्या पाठीनं पारी दाबली. बारा केले. चार मोदकपात्रात घालतानाच फाटले, तीन वाफेत फुटले. पाच उभे राहिले. सगळ्यांत चांगल्याला सात कळ्या होत्या, त्यांतली एक संशयास्पद.

वहिनींना हाक मारली. त्या आल्या, बसल्या, चष्मा वर करून पारीतून आतली कोलंबी पाहिली. एक खाल्ला. थोडा वेळ गप्प बसल्या. मग दुसरा उचलता उचलता म्हणाल्या, "हे कोरडंच खायचं काय, बाई? चहा ठेवला नाही अजून?"